फळीवरून खाली उतरलेले स्पीकर

नेंगा सुदर्ताच्या स्टुडिओत तयार झालेलं संगीत बाहेर कुठेही लावलं, की त्यातला मोठा गोंग चार दिवसांच्या उपाशी माणसासारखा वाटायचा. बाकी सगळं ठीक असायचं. बासरी गोड, ढोलकं खणखणीत, पितळी पट्ट्यांवरच्या हातोड्या पावसासारख्या. पण माणसाच्या छातीएवढा तो टांगलेला काशाचा गोंग, ज्याच्या एका ठोक्यावर देवळाचं अंगण हलतं, तो कुठे तरी भिंतीपलीकडे वाजल्यासारखा.

नेंगाला हे पटत नसे. त्याच्या खोलीत तर गोंग असा घुमायचा की पोटात कळावं. मग तो दर वेळी त्याला थोडा दाबायचा. बाहेर कुणी नाक मुरडलं, तर म्हणायचा, "तुमचे स्पीकर भंगार आहेत. दोष तिथे शोधा."

गावात पाच वर्षं हे चाललं. मग एका मंगळवारी सकाळी त्याचा मेव्हणा मर्ता आला. मर्ता वादकमंडळाचा पुढारी. पायरीवर बसला, पण कॉफीला हात लावेना, तेव्हाच नेंगाच्या बायकोला, सुकेर्तीला, कळलं की भाऊ काही तरी अवघड बोलायला आलाय.

"ब्ली," मर्ता नेंगाला म्हणाला; थोरल्या भावाला आणि नवऱ्यालाही तिकडे ब्लीच म्हणतात. "ओडालानचं, देवळाच्या उत्सवाचं, वादन तू टिपलंस, ते उत्तम केलंस. पण आवाज जुळवायचं पुढचं काम डेनपसार शहरातल्या स्टुडिओत द्यावं, असं मंडळात ठरतंय."

"का?"

"का ते तुला ठाऊक आहे. या खेपेला बापांचा शेवटचा ठोका आहे त्यात."

बापा म्हणजे मर्ता आणि सुकेर्तीचे वडील. गाव त्यांना पेकाक रिंतिग म्हणे, रिंतिग आजोबा. एक्कावन्न वर्षं मोठ्या गोंगापाशी तेच बसत आले होते. गुडघे आता मांडी घालू देईनात, म्हणून या ओडालाननंतर त्यांनी गोंगाची मोगरी पुतण्याच्या हाती दिली. मंडळ ते वादन घराघरांत वाटणार होतं. मागच्या वेळचं ऐकून म्हातारा म्हणाला होता, "त्या दिवशी मी आलो नव्हतो का रे?" सगळे हसले होते. नेंगाही हसला होता, पण घरी येऊन तेच वादन रात्रभर पुन्हा पुन्हा ऐकत बसला होता. सासऱ्यांचा हात एकदा तरी त्यांच्याच कानाला ऐकवायचा, एवढीच त्याची हौस होती, आणि आता ते काम दुसऱ्याकडे चाललं होतं.

"शनिवारपर्यंत थांब," नेंगा म्हणाला.

"शनिवारी असं काय होणार आहे?"

"तू थांब तर खरं."

मर्ता गेला. नेंगा खोलीत शिरला आणि दार लावून घेतलं. दिवसभर ऐकलं, रात्रीही ऐकलं. खोलीत गोंग हत्तीसारखा, आणि तेच सुकेर्तीच्या खाण्याच्या टपरीवरच्या जुन्या स्पीकरच्या डब्यावर लावलं की उंदरासारखा. गोंग वाढवावा तर खोलीत बसवेना, कान दुखत.

बुधवारी सकाळी सुकेर्ती रोजच्यासारखी स्टुलावर चढली. ताडाच्या पानाच्या चौकोनी द्रोणात फुलं, चिमूटभर भात आणि उदबत्ती. एक द्रोण एका स्पीकरवर, दुसरा दुसऱ्यावर. दोन्ही स्पीकर भिंतीवरच्या फळीवर होते, डोक्याच्या वर. एक डोंगराकडच्या पूर्व कोपऱ्यात अगदी आत दाबून, दुसरा त्याच फळीवर दाराच्या अंगाला. नवीन स्पीकर आले तेव्हा नेंगाने घर बांधणाऱ्या बुजुर्ग उंदागीला विचारून जागा ठरवली होती. आवाजाची वस्तू, तेव्हा तिचा मान मोठा. ती डोंगराच्या बाजूला हवी, उंचावर हवी, कुणाचा पाय वरून जाता कामा नये.

"ब्ली, एक विचारू?" सुकेर्ती स्टुलावरूनच म्हणाली. "या कोपऱ्यातल्याची फुलं रोज खाली पडतात. दारापाशीच्याची कधीच नाही. हा काय वेगळा आहे का?"

"दोन्ही जुळे आहेत."

"मग जुळ्यांतला एकच का थरथरतो?"

नेंगा उत्तर द्यायच्या ऐवजी यंत्राकडे वळला. त्याने गोंग लावला. कोपऱ्यातल्या द्रोणातलं चाफ्याचं फूल एकेका ठोक्याला पुढे सरकत गेलं आणि चौथ्याला खाली पडलं. दुसऱ्या द्रोणातला भाताचा कणही हलला नाही.

"स्पीकरच्या खोक्यातून एक कागद आला होता ना," तो म्हणाला, "चित्रांचा?"

"तो मी मसाल्याच्या फळीवर अंथरलाय."

कागदावर हळदीचे डाग पडले होते, पण चित्र दिसत होतं. एक माणूस बसलेला. समोर दोन स्पीकर, त्याच्या कानांच्या उंचीवर, भिंतीपासून सुटे, तोंडं त्याच्याकडे वळवलेली. दोन स्पीकर आणि ते डोकं मिळून तिन्ही बाजू सारख्या. शेजारी दुसरं चित्र: स्पीकर कोपऱ्यात, आणि त्यावर लाल फुली. पाच वर्षांपूर्वी हा कागद पाहून नेंगा हसला होता. म्हणाला होता, परदेशी लोक आवाजाला चहाच्या किटलीसारखं टेबलावर मांडतात.

आता त्याच्या ध्यानात आलं. कोपऱ्याच्या दोन भिंती आणि वरचं छत मिळून जाड आवाजाला फुगवत होते. त्या फुगलेल्या गोंगाला तो कापत होता. बाहेर भिंती नाहीत, फुगवटा नाही, मग उरणार काय?

पण फळीवरून खाली उतरवायचे म्हणजे? त्याचा हात होईना. वाद्यावरून पाय टाकायचा नसतो, हे चालायला लागल्यापासून शिकलेलं.

"बापांना विचार," सुकेर्ती म्हणाली.

"ते या खोलीत कधी आलेत का? इथली थंड हवा त्यांना बाधते."

"यंत्र बंद कर. येतील."

पेकाक काठी टेकत आले, सुपारीचा तोबरा भरलेला. खोलीभर नजर फिरवली, मग मान वर करून फळीकडे बघितलं.

"हे कोण?"

"स्पीकर, बापा. यांतूनच मी तुमचा गोंग ऐकतो."

"वर का बसवलंयस?"

"मान म्हणून."

म्हातारा हसला तशी सुपारीची पिंक हनुवटीवर आली. "अरे, देव आहेत का ते? देव वर बसतो. मी एक्कावन्न वर्षं कुठे बसलो?"

"जमिनीवर."

"आणि बासरीवाला? ढोलकीवाला?"

"जमिनीवरच."

"तर मग! वादक आहेत ते, वादकांत बसव. मला आढ्याला टांगून ठेवलंस आणि वर विचारतोस, गोंग का ऐकू येत नाही? उतरव त्यांना. आणि पाय टाकायचा नाही तर टाकू नकोस. तुझे पाय तुझ्याच ताब्यात आहेत ना?"

सुकेर्तीने हाताआड तोंड लपवलं. नेंगा मात्र एकदम मोकळा झाला.

काम गुरुवारी सुरू झालं. पेकाक स्वतः देखरेखीला बसले. अंतर मोजायला नेंगाने टेप काढला, तर त्यांनी काठीने तो बाजूला सारला. घर मोजतात तसंच मोजायचं, घरधन्याच्या अंगाने. नेंगाने दोन्ही हात पसरले, सुकेर्तीने एका हाताच्या बोटांपासून दुसऱ्या हाताच्या बोटांपर्यंत बांबूची काठी कापली. ते झालं दोन स्पीकरमधलं अंतर, आणि तेवढंच प्रत्येक स्पीकरपासून नेंगाच्या डोक्यापर्यंत. मागच्या भिंतीपासून कोपर ते बोट एवढी जागा सोडली. उजवी-डावी भिंत दोघांना सारखीच लांब. नेंगाचं तोंड डोंगराकडे, ते मात्र बदललं नाही.

"आता जीव घाल," पेकाक म्हणाले. म्हणजे मापाला एक बोट वाढ. नुसतं माप मेलेलं असतं, एक बोट वाढवलं की ते जगतं. घराच्या खांबाला, देव्हाऱ्याला, सगळ्याला तसंच करतात.

"कुठल्या बाजूला वाढवू?"

"तिन्ही बाजूंना वाढव," सुकेर्ती म्हणाली. "नाहीतर एक जिवंत आणि दोन मेलेले, असं व्हायचं."

"पोरगी माझी आहे," पेकाक नेंगाला म्हणाले.

नारळाच्या खोडाचे दोन ओंडके कापले. नेंगा खुर्चीत बसला आणि सुकेर्तीने त्याच्या कानाला टेकवून काठी उभी धरली. स्पीकरमधला लहान गोल त्या उंचीला येईल असे ओंडके तासले. ओंडका आणि स्पीकर यांच्या मध्ये मोटरसायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे घातले, म्हणजे थरथर लाकडात उतरून जमिनीला लागणार नाही. मागच्या दोन्ही कोपऱ्यांत सावरीच्या कापसाच्या गाद्या उभ्या केल्या. द्रोण आता देव्हाऱ्यात गेले, एकेक फूल तेवढं ओंडक्यांच्या पायाशी राहिलं.

मग दोन्ही बाजू सारख्या आहेत का, हे बघायचं होतं. एकच आवाज दोघांतून लावायचा. तो डावीकडेही नको, उजवीकडेही नको, बरोबर नाकासमोर यायला हवा. नेंगापाशी असा एकच आवाज होता. कधी तरी यंत्र तपासताना त्याने खिडकीतून सुकेर्तीला कोंबड्यांवर ओरडताना टिपलं होतं.

तो डोळे मिटून बसला. बायको आधी थोडी डावीकडे ओरडली. त्याने उजवा स्पीकर बोटभर आत वळवला, मग अजून थोडा. आणि एका क्षणी दोन स्पीकरांच्या मधल्या रिकाम्या हवेत सुकेर्ती उभी राहिली. कमरेवर हात ठेवल्याचं सुद्धा जणू दिसत होतं. "माझ्या रताळ्यांत पाय ठेवलात तर बघा!"

"मी तर इथे आहे," दारातून सुकेर्ती म्हणाली. "मग ती कोण?"

"तीही तूच. पाच वर्षांत पहिल्यांदा सरळ उभी दिसलीस."

"तेवढं ऐकायला ओंडके कापावे लागले!" ती म्हणाली, पण दारातून हलली नाही.

शेवटी गोंग लावला. आणि नेंगाचा चेहरा उतरला. तो हत्ती कुठेच नव्हता. आपण बिघडवलं की काय, म्हणून त्याने जुनी कामं एकेक करून लावली. लग्नाचं, पौर्णिमेचं, शाळेचं. सगळ्यांत गोंग तसाच, भिंतीपलीकडे. गाव पाच वर्षं हेच ऐकत होतं आणि खरं बोलत होतं. भंगार म्हटलेले सगळे स्पीकर त्याला एकेक आठवले. सुकेर्तीने शेजारी केळ्याची भजी ठेवली. ती संपल्यावर तो कामाला लागला.

त्याने ओडालानच्या वादनाचं सगळं पहिल्यापासून मोडलं आणि नव्याने बसवलं. जिथे दाबलं होतं तिथून हात काढून घेतला. गोंग फुगवला नाही, नुसता त्याच्या जागी येऊ दिला. ठोका पडावा, मग तो आवाज आत-बाहेर श्वास घेत लांबत जावा, आणि तो विरायच्या आत बासरीने त्याला हळूच उचलावं, एवढंच. शुक्रवार त्यातच गेला.

शनिवारी दुपारी मर्ता आला तेव्हा पेकाक सुकेर्तीच्या टपरीच्या बाकावर बसले होते. मर्ता खोलीकडे वळला.

"तिकडे नको," नेंगा म्हणाला. "इथेच ऐका. या डब्यावर."

"यावर? याचं झाकण दोऱ्याने बांधलंय."

"म्हणूनच."

पहिला गोंग वाजला. टपरीवर नूडल्स खाणाऱ्या दोघांनी माना वर केल्या. मर्ताने डब्याकडे पाहिलं, मग देवळाच्या दिशेने पाहिलं, आणि पुन्हा डब्याकडे. पेकाकांच्या तोंडातली सुपारी थांबली. दुसरा ठोका पडला. त्यांचा उजवा हात मांडीवर होता, मूठ आपोआप वळली. तिसरा.

"थांबव!" म्हातारा ओरडला.

नेंगाने वादन थांबवलं. "काय झालं, बापा?"

"हा उशिरा पडला."

नेंगाने मागे घेऊन पुन्हा लावला. खरंच, केसभर उशीर होता. खोलीत त्याच्याही लक्षात आलं होतं, पण बोलायचं धाडस झालं नव्हतं.

"यंत्रात तो पुढे ओढता येतो," तो हळूच म्हणाला. "कुणाला कळणारही नाही. ओढू का?"

"हात लावशील तर बघ!" पेकाकांचे डोळे पाण्याने भरले होते आणि ते हसत होते. "अरे, तेव्हा मला मुंगी चावली होती. इथे, घोट्याला. लाल मुंगी! मोगरी उचलली आणि चावली. मी म्हटलं, एवढ्या गोंधळात कुणाला कळतंय. आणि या जावयाने ती मुंगीसुद्धा पकडली!"

"बापा, डेनपसारला..." मर्ताने सुरुवात केली.

"डेनपसारवाल्यांना माझी मुंगी कुठून कळणार? ते सरळ करून देतील. मग तो मी कसला?" त्यांनी काठीने बाकाची रिकामी जागा ठोकली. "बस इथे, मंडळाचा पुढारी ना तू! सुकेर्ती, याला कॉफी दे. आणि तू रे, पहिल्यापासून लाव."

मर्ता बसला. या वेळी त्याने कॉफी घेतली.