बूच नसलेल्या होडीचा सूड

मित्रांनो, धक्क्याशी बुडालेली, शेवाळ चढलेली ती जुनी होडी म्हणजे मीच. पण माझी कीव करू नका. मी मजेत आहे.

समोरचं चिमुकलं बेट पाहिलंत? तिथे पाणपक्षी घरटी करतात. ते राखायला लोकांच्या करातून सरकारने निधी दिला, आणि त्यातूनच सुताराने मला घडवलं. बेटाची राखणदारीण होती मावशी. विणीच्या दिवसांत तीसुद्धा बेटावर पाऊल ठेवत नसे. आम्ही लांबूनच फेरी मारायचो. परतल्यावर ती मला वर ओढायची, तळाचं बूच काढून साचलेलं पाणी सोडायची आणि बूच कमरेला खोचायची. पोटच्या पोरीसारखं जपलं तिने मला.

मग बेटाच्या कारभारावर नवे साहेब आले. निधी बेटाचा, मिजास यांची! ऐन विणीत पाहुण्यांना पक्ष्यांची अंडी खिलवायची म्हणून मला घेऊन बेटाकडे निघाले. मावशी आडवी आली. "बेट काय तुमच्या सासऱ्याने आंदण दिलंय?"

साहेबांनी तिला जागच्या जागी कामावरून काढलं. ती रागारागाने गेली, बूच कमरेलाच राहिलं.

साहेबांनी भोकात चिंधी कोंबली. मी मनात म्हटलं, थांब लेका, तुझी जिरवतेच! जाताना ती चिंधी मी घट्ट धरून ठेवली. बेटावर पक्षिणी आकांत करत होत्या आणि हे घरटी धुंडाळत होते. प्लास्टिकचं टोपलं भरून परतलो, तर धक्क्यावर निधीच्या तपासणीला आलेल्या बाई उभ्या. साहेबांनी झटकन टोपल्यावर कोट टाकला.

"गस्त घालून आलो, मॅडम!"

तेव्हा मी चिंधी सोडली.

पाणी भसाभसा आत आलं आणि मी कायमची तळाशी बसले. साहेब कमरेपर्यंत चिखलात, कोट भलतीकडे, आणि टोपलं तरंगत थेट बाईंच्या पायाशी! बूच परत द्यायला धावत आलेली मावशी मागून म्हणाली, "साहेब, हे हवंय का?" अहाहा! काय गार वाटलं जिवाला!

मावशीला काम परत मिळालं, बेटाचा निधीही टिकला. पण त्या अंड्यांतून एकही पिल्लू बाहेर आलं नाही, आणि साहेबांची झाली नुसती बदली. अजूनही सुट्टीत ते मजेत इथे पोहायला येतात.

म्हणून सांगते मित्रांनो, सगळ्यांच्या पैशातून राखलेलं जिवापाड जपा. आणि हो, इथे पाण्यात उतरू नका. माझ्या कुजक्या फळीतून एक लांब खिळा वर आलाय. तो मी साहेबांसाठी राखून ठेवलाय.