महांतेशची झोप

रेणापुरात लिंगायतांच्या घरी कुणी वारलं की पहिला निरोप शंकरप्पाला यायचा. त्यांच्यात मयताला जाळत नाहीत, मांडी घालून बसवतात आणि तसंच पुरतात; ते बसवायचं काम शंकरप्पाचं. "अंग एकदा ताठलं की कुणाच्या बापाचं ऐकत न्हाई," असं तो घरी येऊन सांगायचा, आणि त्याचा लहानगा पोरगा महांतेश ते ऐकत बसायचा.

तोच महांतेश आता फौजेत होता, बर्फातल्या चौकीवर. तिथं फोन लागत नव्हता, म्हणून सुट्टीवर आलेल्या उमरीच्या एका जवानानं त्याची चिठ्ठी आणून दिली. शंकरप्पा ती बायकोला, उमाबाईला वाचून दाखवू लागला.

'अप्पा, बर्फ वितळवून पाणी करण्यातच अर्धा दिवस जातो. त्यातल्याच वाटीभर पाण्यानं लिंगपूजा करतो. डब्यातलं खाऊन जिभेची चव गेली. झोपलो की तासातासाला एकमेकांना हाका मारतो. मागच्या सोमवारी माझ्या शेजारच्यानं ओ दिली न्हाई. आडवा झोपला होता, तसाच गोठला. हेलिकॉप्टर सहा दिवसांनी आलं. चौघांनी जोर लावला, पण त्याचा हातसुद्धा वाकला न्हाई. तवापासून मी मांडी घालून, बसूनच झोपतो.'



उमाबाई तडकली. "एवढी मोठी फौज, अन् माझ्या लेकराला आडवं व्हायला जागा न्हाई?"

शंकरप्पानं चिठ्ठीची घडी घातली.

"हाव," तो म्हणाला. "जागाच कमी हाय तिथं."