मास्तर हाये ना संगं

भूगोलाच्या मास्तराला नदीची भीती वाटावी, यात हसण्यासारखं आहे हे मला कळतं. तरी हसू नका. अठरा वर्षं झाली, मेहकरच्या शाळेत मी पोरांकडून नद्यांचे उगम आणि संगम पाठ करून घेतोय, आणि कमरेच्या वर पाणी आलं की मी काठाकडे वळतो. मला पोहता येत नाही. ही गोष्ट गेल्या दसऱ्यानंतरच्या रविवारपर्यंत मला एकट्यालाच ठाऊक होती.

बाकीच्यांना, विशेषतः वकारला, ठाऊक होतं ते नेमकं उलटं. वकार माझा पहिलीपासूनचा दोस्त. त्याचं मोटार वायंडिंगचं दुकान आहे. नववीच्या उन्हाळ्यात मी मामाकडे जानेफळला गेलो होतो. आमच्या भागात पोहणं म्हणजे विहिरीतलं पोहणं. पाठीला रिकामा डबा बांधायचा, वर कोणीतरी दोर धरायचा आणि पोराला खाली ढकलून द्यायचं. माझी पाळी आली की माझं पोट दुखायचं. परत आल्यावर मात्र मी वकारला सांगितलं की पोहायला तर शिकलोच, वर विहिरीत पडलेलं बकरीचं पिल्लूही काढलं. पिल्लू कशाला घातलं, देव जाणे. ते पिल्लू वकारने सत्तावीस वर्षं पोसलं. माझ्या लग्नात त्याने ते माझ्या सासऱ्यांना सांगितलं, त्याच्या निकाहात मौलवीसाहेबांना सांगितलं. दरवर्षी पिल्लू थोडं मोठं होई आणि विहीर थोडी खोल. खरं बोलायचं राहून गेलं आणि मग ते बोलायची सोयच राहिली नाही.

नदीत उतरायची टूम कुलदीपची. हा आमचा तिसरा दोस्त, पुण्यात नोकरीला आहे. सुट्टीला येताना त्याने हवा भरायच्या दोन रबरी कयाक आणल्या, एक दोघांची आणि एक एकट्याची. गावाच्या वरच्या अंगाला पैनगंगेत उतरायचं आणि गावाच्या मागून वल्हवत खालच्या बंधाऱ्याला लागायचं, असा बेत होता. गाडी त्याने बंधाऱ्यापाशी आधीच लावून ठेवली होती.

लाइफ जॅकेटं तीन होती. वकारचं काही केल्या पोटावर बसेना. दिवसभर बसून काम, शेजारी समोशाचं दुकान. त्याने श्वास रोखून पट्टा ओढला आणि बक्कल तुटलं.

"राहू दे बे," तो म्हणाला. "मास्तर हाये ना संगं."

इथं खरं तर मी माझं जॅकेट त्याला द्यायला हवं होतं. ते त्याला झालंही नसतं, पण निदान खरं बोलायला माझं तोंड उघडलं असतं. त्याऐवजी मी काय केलं, तर माझंही काढून गाठोडं करून ठेवलं. पोहणाऱ्या माणसाने जॅकेट घालून फिरणं मला बरं दिसेना. चाळिशी ओलांडलेल्या शिकलेल्या माणसाची ही अक्कल.

सुरुवातीला भिण्यासारखं काही नव्हतंच. पाणी गुडघाभर आणि वकार नव्वद किलो. दर दहा हातांवर कयाक वाळूत रुतायची, की आम्ही उतरून ती ओढायची. कुलदीप त्याच्या हलक्या कयाकमधून पुढं जाऊन आमचे फोटो काढायचा.

"यापेक्षा बैलगाडी बरी व्हती," वकार म्हणाला. "बैलाले निदान ढकला लागत नाही."

आमचं मेहकर मागून कसं दिसतं, ते मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. रस्त्याकडून ज्यांच्या घराला ग्रॅनाइट लावलंय, त्यांच्या मागच्या भिंतीला प्लास्टरसुद्धा नाही. गच्चीवर गंजलेले कूलर, दोरीवर परकर, काठाला बेशरमाची झुडपं. रोज रुबाबात भेटणारे लोक दात घासताना दिसले आणि आम्हाला बघून आत पळाले. फार मजा आली. घाटावर धुणं धूत असलेल्या केसरबाईंना वाटलं, आम्ही नगरपरिषदेकडून मोजणीला आलोय.

"साहेब, आमच्या नालीचं बी लिहून घ्या. चार महिन्यांपासून तुंबली हाये."

"लिहून घेतलं, मावशी," वकार गंभीरपणे म्हणाला आणि हवेत सही केली.

पुलाखालून गेलो आणि पाण्याचा आवाज बंद झाला. बंधाऱ्याने अडवलेलं पाणी तिथून सुरू होतं, हिरवं आणि गप्प. वाळू दिसेनाशी झाली. मी वल्हं उभं करून खाली घातलं. ते पूर्ण गेलं, मागून माझा हात कोपरापर्यंत गेला, तरी तळ लागला नाही. कुलदीप वळणापलीकडे गेला होता. वकार पुढच्या बैठकीवर आरामात गुणगुणत होता आणि मला त्याची फक्त पाठ दिसत होती. त्या पाठीवर जॅकेट नव्हतं, आणि पोहणं त्यालाही येत नव्हतं.

डाव्या काठाला वकारचं घर. गच्चीवर त्याची मुलगी अलीजा कपडे वाळत घालत होती. नववीत आहे, माझ्याच वर्गात.

"अब्बू, जॅकेट किधर है?" ती वरून ओरडली.

"सर हैं ना बेटा साथ में," म्हणत वकार हात हलवायला अर्धा उठला. कयाक डुगडुगली. अलीजाने माझ्याकडे पाहिलं आणि तिचा घाबरलेला चेहरा लगेच निवळला. ती पुन्हा कपडे झटकायला लागली. तिचं ते निर्धास्त होणं मला सोसलं नाही.

"वकार, खाली बस."

"काऊन?"

"मले पोवता येत नाही."

तो हसला. "मजाक नको करू बे."

"कधीच येत नव्हतं. ते पिल्लूबी नव्हतं."

तो हळूच खाली बसला. दोन्ही हातांनी त्याने कयाकच्या कडा धरल्या. मागे वळून पाहिलं नाही, कदाचित वळायची भीती वाटली असेल. त्याची मान लाल झालेली मला दिसत होती.

"पिल्लूबी नव्हतं?"

"नाही."

"काठाले घे. हळू."

मी आयुष्यात कुठलंच काम इतकं जपून केलं नसेल. काठाला लागलो, गुडघाभर चिखलात उतरलो. वकारने कयाक ओढून बेशरमाला बांधली आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"सत्तावीस वर्षं मी लोकायले सांगत फिरलो. त्याचं जाऊ दे. पोरगी वरून पाहून राह्यली व्हती, लेका. चाल. आता तूच सांग तिले."

त्याच्या मागोमाग मी मागच्या दाराने अंगणात गेलो. वकारच्या बायकोने, गुलनारभाभींनी, आमचे पाय पाहिले आणि पायपुसणं पुढं सरकवलं. खिशातल्या माझ्या फोनवर कुलदीपचा कॉल येत होता, तो मी बंद केला. वकार पाय धुवायला मोरीत गेला. अलीजा खाली आली आणि वर्गात उभी राहते तशी हात मागे घेऊन उभी राहिली. मी तिला सगळं सांगितलं. नववीतलं पोट दुखणं, पिल्लू, काढून ठेवलेलं जॅकेट, सगळं. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

तिने नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "सर, आज अब्बू पाण्यात पडले असते, तर तुम्ही उडी मारली असती का?"

'हो' अगदी ओठांवर आलं होतं. पण असल्या तयार उत्तरांचा त्या घडीला मला वीट आला होता, आणि खरं काय ते मलाच ठाऊक नव्हतं. मोरीतला पाण्याचा आवाज थांबला.

"मारली असती त्यानं," वकार आतून म्हणाला. "पोवता येत नसून मारली असती. दोघंबी गेलो असतो."

मग तो बाहेर आला आणि त्याने हातातला टॉवेल माझ्या अंगावर फेकला. तो मी तोंडाला लावला आणि बराच वेळ काढला नाही, कारण मी रडत होतो आणि समोर माझी विद्यार्थिनी उभी होती.