हा कोड कुणाचा

आपलं सॉफ्टवेअर विकायला दादा इस्पितळाच्या बैठकीच्या खोलीत शिरला आणि समोर तिला बघून त्याचा चेहरा खर्रकन उतरला. त्याला काय ठाऊक, दोन वर्षांपूर्वी ज्या चुलतबहिणीला त्याने हाकललं, तीच आता इथे सॉफ्टवेअर तपासायच्या कामावर आहे!

"अगं, तू इथे?"

"बसा ना, दादा. दाखवा तुमचं काम." एरवी अरे-तुरे करणारी ती, आज मुद्दाम अहो-जाहोवर आली होती.

तुमचं काम म्हणे! चार वर्षं त्याच्या घरच्या मागच्या खोलीत बसून कोड लिहिला तो हिने. वेब पानाचा एकही टॅग, म्हणजे मजकूर कसा दिसावा ते सांगणारी खूण, हाताने लिहावी लागू नये, प्रोग्रॅमनेच सगळे टॅग रचावेत, उघडलेला प्रत्येक टॅग आपणहून बंद करावा, अशी ती यंत्रणा. दादाने काय केलं? चहा पाजला. आणि गिऱ्हाईकं यायला लागल्यावर "ती नुसती टायपिंग करायची" असं घरादाराला सांगून तिला वाटेला लावलं. सख्ख्या काकूनेही मान डोलावली. तेव्हापासून ती डूख धरून होती, आणि का धरू नये?

दादाची टकळी सुरू झाली. "सगळा कोड मीच लिहिलाय," तो तिच्या शेजारी बसलेल्या, इस्पितळाच्या मोठ्या डॉक्टरबाईंना म्हणाला. मग पडद्यावर नावनोंदणीचं पान उघडलं. "घ्या, वापरून बघा."

तिने कीबोर्ड पुढे ओढला. दादाची एक खोड तिला पक्की माहीत होती: जे कळत नाही ते उडवून टाकायचं. बाहेरून आलेल्या मजकुरात कुणी टॅग घातला, तर त्याची साधी अक्षरं करून टाकणारी एक ओळ तिने लिहिली होती. त्या ओळीमुळे दादाला सूचनांमध्ये हौसेने रंगीत अक्षरं घालता यायची नाहीत, म्हणून तो ती पुसायचा. तिने तीनदा परत घातली होती. चौथ्यांदा घालायला ती तिथे नव्हतीच.

नावाच्या रकान्यात तिने मथळ्याचा टॅग उघडला, एक वाक्य लिहिलं, टॅग बंद केला आणि बटण दाबलं.

वाक्य भिंतीएवढ्या पडद्यावर ठसठशीत मथळा होऊन आलं: हा कोड माझा आहे.

"अगं बाई!" डॉक्टरबाई दचकल्या. "म्हणजे कुणीही येऊन आमच्या पानावर वाट्टेल ते छापणार? आत्ताच्या आत्ता दुरुस्त करा बघू."

दादाने कोड उघडला. वर गेला, खाली गेला, परत वर. कान लालबुंद झाले. शेवटी तिच्याकडे वाकून पुटपुटला, "कुठे घालायची गं ती ओळ? सांग ना. घरचीच ना तू?"

तिच्या जिवाला असं गार वाटलं म्हणून सांगू!

"बाई," ती म्हणाली, "ओळ कुठे घालायची ते हे मला विचारताहेत."

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. "मग हे लिहिलंय कुणी?"

दादाने खाली बघितलं. "हिने," तो कसाबसा बोलला.

"ऐकू नाही आलं," ती म्हणाली. "मोठ्याने सांगा, दादा."