खडखड कुठून येते

गाडीतली खडखड काढण्यात मेघनाचा हात धरणारं घोडपदेवात कुणी नव्हतं. आधी ती लालबागला सीटकव्हरच्या दुकानात कामाला होती. दारं उघडायची, आतल्या पत्र्यावर आवाज दाबणारी शीट चिकटवायची, असं करत करत शिकली आणि चार वर्षांपूर्वी स्वतःचा गाळा घेतला. ‘बाईमाणूस गाडीखाली झोपून काय दिवे लावणार’ म्हणणारेच आता गाड्या घेऊन तिच्या दारात उभे राहायचे.

एका मंगळवारी सकाळी विहंग आला. चाळिशीचा आर्किटेक्ट, मूळचा गिरगावचा, आता दादरला राहणारा. गाडी लाल, दोन दारांची, पोट रस्त्याला टेकेल इतकी बुटकी. शेजारी त्याचे वडील बसले होते, अजून गिरगावच्याच घरी राहणारे. मनमोहन त्यांचं नाव. बारीक चणीचे, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातले.

“डिक्कीत सबवूफर बसवलाय,” विहंग म्हणाला. “तो वाजला की अख्खी गाडी खडखडते. एके ठिकाणी दारांना शीट लावून घेतल्या, शून्य फरक. आणि रस्त्याचा आवाज तर विचारूच नका.”

“दुखणं दारात नसेल तर दाराला मलम लावून काय होणार?” मेघना म्हणाली. मग ती खिडकीशी वाकली. “काका, चहा सांगू?”

काका छान हसले.

“काका, गाडी कशी वाटते?”

“हो, हो,” काका पुन्हा हसले.

ते हसू मेघनाच्या चांगलं ओळखीचं होतं. तिचे वडील जयवंत गिरणीत वीस वर्षं मागावर उभे होते. घरी आई काही बोलली की तेही असेच हसायचे. ऐकू न आलेला माणूस असा हसतो.

विहंगला फोन आला, तो बोलत बाहेर गेला. मेघनाने काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि स्वतःच्या कानाकडे बोट दाखवलं. काका ओशाळले. खिशातून डबी काढून त्यांनी कानाचं मशीन लावलं.

“विहंगला सांगू नका,” ते हळूच म्हणाले. “या गाडीत मशीन लावलं की डोक्यावर कुणी खडी ओततंय असं होतं. चाकांची घरघर मोठी, खडखड मोठी, पोराचा आवाज तेवढा बुडतो. म्हणून बसलो की काढून ठेवतो.”

“मग सांगायचं ना त्यांना!”

“अहो, चाळीस वर्षं हायकोर्टात स्टेनो होतो मी. साहेब पुटपुटले तरी माझ्या वहीत उतरायचं. आता कुठल्या तोंडाने सांगू? आणि हा सबवूफर त्याने माझ्यासाठी बसवलाय. तबल्याचा डग्गा अंगाला जाणवावा म्हणून. वर नको कसं म्हणू?”

मेघनाने डिक्कीकडे एकदा पाहिलं. मग म्हणाली, “काका, गुरुवारी ट्रायल मारू. तेव्हा मशीन लावून पुढे बसायचं आणि खडखड कुठून येते ते तुम्ही मला सांगायचं.”

“मी?”

“बारीक आवाज माझ्या कानातून सुटतात. तुमच्या मशीनमधून नाही सुटत.”

दोन दिवस तिने काम केलं. फोनवरून खालच्या सुरातून सावकाश वर चढत जाणारा आवाज सबवूफरवर सोडला आणि गाडीभर तळहात फिरवत राहिली. जिथे दाबल्यावर खडखड थांबेल, तिथला तो चोर. मागची नंबर प्लेट थरथरत होती, डिक्कीतला जॅक नाचत होता, मागच्या काचेखालची फळी तर फेरच धरत होती. तिने सगळीकडे फेल्टची टेप आणि फोम दिला. मग कार्पेट उचलून खाली आणि चाकांच्या वरच्या पत्र्यावर जड, रबरासारख्या शीट बसवल्या. विहंगला पटवून सबवूफरचा आवाज निम्म्यावर आणला.

गुरुवारी दुपारी तिघं निघाले. मागची सीट नावालाच होती. मेघना गुडघे हनुवटीला लावून बसली. रे रोडवरून माझगावकडे वळताच काकांनी हात वर केला.

“थांब. टिक-टिक. आरशाच्या वर.”

मेघनाला काहीच ऐकू आलं नव्हतं. तिने पुढे वाकून चाचपलं, तर चष्मा ठेवायचा कप्पा सैल निघाला.

“आता माझ्या डाव्या खांद्यामागे. पट्ट्याचं बक्कल आपटतंय.”

काकांनी वही काढली आणि शॉर्टहँडमध्ये टिपणं घ्यायला सुरुवात केली. सात आवाज निघाले. विहंग थक्क झाला. “पपा, हे सगळं ऐकू येतं तुम्हाला?” काका कॉलर ताठ करून बसले होते. रस्त्याकडेला गाडी लावून मेघनाने एकेका जागी टेप दिली आणि ते पुन्हा निघाले.

गाडी चाळीसच्या वेगात होती. चाकांची घरघर होती, पण मागे, लांब कुठेतरी.

“पपा, बरं वाटतंय?” विहंगने साध्या आवाजात विचारलं.

“वाटतंय की.” काका थोडे थांबले. “विहंग, अनुजा हल्ली सासऱ्याला फोन करत नाही रे. दर रविवारी करायची. सहा महिने झाले. माझं काही चुकलं का?”

विहंगने गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं.

“पपा, सांगितलं होतं ना तुम्हाला. मरीन ड्राइव्हवरून येताना. अनुजा आणि मी वेगळे झालो म्हणून.”

“मला?”

“तुम्ही हसलात. म्हणालात, ‘बरं झालं.’”

मागे मेघनाला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. तिला उतरायचं होतं, पण दोन दारांच्या गाडीत पुढचा उठल्याशिवाय मागच्याला सुटका नाही.

काकांचा हात कानाकडे गेला. “हे खिशात होतं रे तेव्हा. तुझे ओठ हलताना दिसत होते फक्त. मला वाटलं, सिग्नल लवकर सुटला म्हणतोयस.”

“मला वाटलं, तुम्हाला ती कधी आवडलीच नव्हती,” विहंगचा आवाज फाटला. “सहा महिने मी तेच धरून बसलो, पपा. तुमच्याकडे यायचो, पण रागातच यायचो.”

“काका,” मेघना कशीबशी म्हणाली, “मला जरा उतरू द्या. चहा पिऊन येते.”

समोरच्या टपरीवर तिने दोन चहा संपवले. काचेतून दिसत होतं. आधी विहंग बोलत होता, मग बराच वेळ काका. एकदा विहंगने डोकं स्टिअरिंगवर टेकवलं आणि काका त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिले. अर्ध्या तासाने हॉर्न वाजला. दोघांचेही डोळे लाल होते. विहंगने गाडी सरळ गाळ्यावर आणली.

गाडी देताना मेघनाने आडपडदा ठेवला नाही. “काँक्रीटच्या रस्त्यावर आवाज राहणार. स्पोर्ट्स कारचे टायर आहेत, त्यांची जातच तशी. बदलायला झाले की कमी आवाजाचे घ्या.”

दीड महिन्याने विहंग नवे टायर टाकून ते दाखवायला आला. या खेपेला एकटाच.

“काका कसे आहेत?”

“रोज दम देतात, आधी का नाही सांगितलंस म्हणून. मीही तेच विचारतो त्यांना, मशीनबद्दल.” तो जरासा हसला. “परवा मी गिरगावला असताना त्यांनी स्वतःच अनुजाला फोन लावला. चाळीस मिनिटं बोलत होते दोघं.”

“काय बोलले?”

“नाही विचारलं मी,” विहंग म्हणाला. “त्यांच्या खोलीचं दार मीच लोटून घेतलं.”