हेल्मेटमधले भावजी

सभागृह गच्च भरलं होतं. पाय ठेवायला जागा नव्हती आणि अक्कल तर सगळे चपलांबरोबर बाहेरच काढून आले होते. व्यासपीठावर हजेरीबाबांनी डोळे मिटले, बोटं हवेत नाचवली, ब्रह्मांडाची हजेरी घेतली आणि आकडा सांगितला: तीनशे बारा. दारावर माणसं मोजणाऱ्याकडे भरले तीनशे पाच. वरचे सात म्हणजे भेटीला आलेले दिवंगत. सभागृहाला हुंदका फुटला.

नियम साधा होता. गेलेल्या माणसाची वस्तू शेजारच्या खुर्चीवर ठेवायची. तो आला की बाबा रांग सांगत. टोपवालीची थोरली बहीण नवऱ्याचं स्कूटरचं हेल्मेट ठेवी आणि भावजी दर खेपेला हजर. एकदाही चुकले नाहीत. गुरुवारी ताईच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. दोनदा पुढे ढकललेलं; तिसऱ्यांदा ढकललं तर माझ्याकडे येऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तरी ताईचा हेका एकच.

"मी तिकडे आडवी झाले, तर यांच्या शेजारी कोण बसेल गं?"

टोपवाली नाटकवाल्यांना केसांचे टोप करून द्यायची. डोकी पाहण्यात तिचा जन्म गेलेला. तिच्या लक्षात आलं, की हेल्मेटवाले मृतात्मे येतात, टोपीवाले येतात. चष्मेवाले आणि काठीवाले मात्र कधीच फिरकत नाहीत. मागच्या रांगेतली एक काकू सात आठवडे नवऱ्याचा चष्मा घेऊन रडत होती. बाबा म्हणाले, रुसलेत ते.

आणि टोपवालीला एकदम हसू फुटलं. तिच्या नाट्यगृहात मॅनेजरने प्रेक्षक मोजायला कॅमेरा लावला होता. त्याचा छोटासा प्रोग्राम साध्या मोबाइलवर चालायचा. एका दुपारी तिने लाकडी डोक्यांवर चढवलेले चौदा टोप खुर्च्यांवर वाळत ठेवले, तर मॅनेजर धावत आला. आज प्रयोग नाही, मग हे चौदा प्रेक्षक कुठून आले?

मंगळवारी ती त्याच चौदा डोक्यांसह बाबांच्या दारात उभी राहिली. शिष्याने भुवया चढवल्या. माझं खानदान मोठं आहे, असं तिने शांतपणे सांगितलं. नियम तो नियम; त्याने आत सोडलं.

बाबांनी डोळे मिटले. कानात लपवलेल्या बारक्या इयरफोनने आकडा सांगितला.

"शेवटच्या रांगेत चौदा पूर्वज," बाबा गहिवरले. "पणजोबा आशीर्वाद देतायत."

टोपवाली उठली. "पणजोबा मीच विणलेत. शेजारची राणी, पलीकडचा विदूषक."

चष्मेवाल्या काकूला खुदकन हसू आलं, मग तिची रांग हसली, मग सगळं सभागृह. तेवढ्यात टोपवालीने स्टुलावर चढून समोरच्या दिव्यात लपवलेल्या, तिने आल्याआल्याच हेरलेल्या कॅमेऱ्यावर शाल टाकली आणि बाबांना पुन्हा मोजायला सांगितलं. बाबांनी बोटं नाचवली. कान चाचपला. ब्रह्मांडाला मोतीबिंदू झाला होता.

ताई एकटीच हसत नव्हती. तिने हेल्मेट मांडीवर घेतलं, त्यावरून हात फिरवला.

"हा माणूस मला लाल सिग्नल तोडू देत नव्हता," ती म्हणाली. "ऑपरेशन चुकवू दिलं असतं का?"

गुरुवारी ती दवाखान्यात वेळेआधी पोचली.

तो बिचारा प्रोग्राम लबाड नाही. गोल, काळं दिसलं की तो डोकं म्हणतो. त्याला तेवढंच शिकवलंय. लबाड तो, जो त्याच्या चुकीला आत्मा म्हणतो. आणि तुम्ही? आपली डोकी बाबांकडून मोजून कसली घेताय? ती वापरा.