झरीच्या सुरजची मोजणी

या, जवळ सरकून बसा. मागच्यांनीही पुढं या, सतरंजी मोठी आहे. आज राजाची नाही, संताची नाही, डहाणूच्या किनाऱ्यावरच्या एका साध्या माणसाची गोष्ट सांगतो. एका श्वासात झालेली चूक त्यानं चार महिने छातीत कशी वागवली, त्याची.

नारूकाकांची उभी हयात मासळी मोजण्यात गेली. होडी किनाऱ्याला लागायची, टोपल्या उतरायच्या, काका मोजायचे. पहिल्या टोपलीला त्यांनी कधी ‘एक’ म्हटलं नाही. पहिली ‘लाभ’, मग दोन, मग तीन. धान्य मापणाऱ्यांची जुनी रीत, तीच काकांच्या बापानं किनाऱ्यावर चालवली. दारी आलेल्या लक्ष्मीला आकडा लावायचा नाही, मानानं आत घ्यायचं. आणि आवाज असा, की एकादशीच्या भजनात काकांपुढे माइक ठेवलाच तर बुवा तो हळूच बाजूला सरकवायचे.

त्या आवाजानंच घात केला. जानेवारीत डहाणूला बॉक्सिंगची जिल्हा स्पर्धा होती आणि वेळ मोजणारा माणूस आलाच नाही. रिंगमधले पंच प्रविण सर, शाळेत खेळ शिकवणारे. त्यांनी गर्दीतून काकांना हाक मारली.

“काका, काम सोपं आहे. पोरगा पडला की घड्याळ बघायचं, दर सेकंदाला टेबलावर हातोडी मारायची आणि मोठ्यानं मोजायचं. मी तुमच्या आवाजावर मोजणार. दहाच्या आत उठला नाही, तर हरला.”

“एवढंच ना? टोपल्या मोजतो तशी पोरं मोजीन!” काका हसले.

शेवटच्या लढतीत एका बाजूला काकांच्याच वाडीतला गौरव, दुसऱ्या बाजूला तलासरीकडच्या झरीचा सुरज. अंगानं काटकुळा, पण हात विजेसारखा. जिंकेल तो राज्याच्या स्पर्धेला जाणार होता. दुसऱ्या फेरीत सुरजचा उजवा ठोसा बसला आणि गौरव आडवा झाला. नियमाप्रमाणे सुरज लांबच्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. तो कोपरा नेमका काकांच्या टेबलाला लागून.

काकांनी हातोडी मारली आणि चाळीस वर्षांची जीभ बोलून गेली, “लाभ!”

काका शरमले. अरे, ही मासळी नव्हे! दुसरी हातोडी मारून ते ओरडले, “एक!” गलका एवढा, की पहिली हातोडी प्रविण सरांना ऐकूच गेली नाही, त्यांनी मोजणी ‘एक’पासूनच धरली. दोन, तीन, चार... ‘नऊ’ला गौरवचा गुडघा अजून खाली होता. दहा म्हणायच्या आत तो उभा राहिला. हातोडी मात्र तोवर दहा वेळा पडून गेली होती. लढत तिथंच संपायला हवी होती. ती चालू राहिली, आणि तिसऱ्या फेरीअखेर गुणांवर गौरवचा हात वर झाला.

“सर, यांनी आधी एक जास्तीची मारली!” सुरज कळवळून म्हणाला. “मी इथंच उभा होतो. मोजणी अकराची झाली!”

“ए, हरल्यावर बरं गणित सुचतं रे तुला!” वाडीची पोरं खिदळली.

प्रविण सर टेबलापाशी आले. “काका, बरोबर मोजलंत ना?”

काकांनी वाडीकडे पाहिलं. आता चूक कबूल करावी, तर लोक म्हणणार, आपल्या वाडीच्या पोरासाठी म्हाताऱ्यानं लबाडी केली. साठ वर्षांची अब्रू डोळ्यांपुढे उभी राहिली.

“बरोबर मोजलं,” काका म्हणाले.

देवा, माणूस चुकतो ते तू पोटात घालतोस. पण चुकीवर झाकण ठेवतो, त्याचं काय करतोस?

भजनात काकांचे टाळ चुकू लागले. पहिल्याच मात्रेला हात अडायचा. त्यांची बायको मालू मासळी विकणारी, जिभेनं तिखट. “काय वो, टाळ वाजवता का माश्या मारता?” असं तिनं एकदा टोचलं, तेव्हा काकांना रडू आलं. त्यांनी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मला सांगून काय व्हायचं? ज्याचं त्याला नेऊन द्या.”

वैशाखात काका तलासरीच्या एसटीत बसले आणि पुढं रिक्षानं झरीला गेले. सुरजचं घर विचारलं, तशी दोन पोरं हसली. “अकराचं घर? ते पलीकडचं.” एक पोक्त माणूस त्यांच्यावर खेकसला, “गप ऱ्हावा रे! आता तरी.”

ओटीवर सुरजचा फोटो होता. फोटोला हार होता.

त्याची आई जिजा पाणी घेऊन आली. “दोन महिने झाले,” ती म्हणाली. “खेळ सोडला नं कंपनीत लागला. पाळी करून मोटारसायकलनं येत होता. हायवेवर मागून टेम्पोनं उडवला. तुम्ही कोण, बाबा?”

काकांच्या हातातला तांब्या तसाच राहिला. सांगू नये, उठून जावं, असं एकदा मनात आलं. पण जमिनीकडे बघत त्यांनी सगळं सांगितलं.

जिजानं फोटोकडे पाहिलं.

“त्या दिवशी घरी येऊन तो हेच बोलला,” ती म्हणाली. “मीच त्याला दटावला. हरलास तर हरलास, म्हटलं, खोटं नको बोलू. पुन्हा त्यानं त्याचं नाव नाही काढलं. पाड्यानं अकरा नाव पाडलं, तरी मान खाली घालून जायचा. आता मी कोणाला सांगू, बाबा? कोणाला सांगू, की तुझं खरं होतं म्हणून?”

“माय, मला काय शिक्षा द्यायची ती दे.”

“शिक्षेनं तो येतो का?” ती उठली आणि ओटीच्या कडेला उभी राहून पाड्याला हाका मारू लागली. माणसं आली, बाया आल्या, ती दोन पोरंही आली. “आता यांना सांगा. जोरात सांगा.”

किनारा दणाणून सोडणारा तो आवाज त्या दिवशी फुटेना. काकांनी हात जोडले. “पोरगा खरा होता. चूक माझी, खोटं माझं.” कोणी शिवी दिली नाही. एकेक जण खाली बघत परत गेला. जिजा फोटोपाशी बसली आणि मुलाच्या कपाळावरून बोटं फिरवत राहिली. जा म्हणाली नाही, थांबा म्हणाली नाही.

परतताना काका प्रविण सरांकडे गेले. “आता निकाल बदलत नाही, काका,” सर म्हणाले. तरी काकांनी लिहून दिलं आणि खाली सही केली.

आता एवढंच मागणं आहे. कुठं मैदानात पडलेल्या पोरावर आकडे मोजताना ऐकलेत, तर झरीच्या जिजाचा सुरज आठवा. अकरा म्हणू नका त्याला, नावानं आठवा.